दोन हजारांची गाडी, साडेसात हजारांचं बिल

जूनचा पहिला आठवडा होता. भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं, यावर ग्रुपवर तीन दिवस नुसता धुमाकूळ चालला होता. आम्ही पाच जण. लायसन्स तिघांकडे, पण घाटात गाडी चालवायची हिंमत एकाचीच. शेवटी ओळखीच्या ओळखीतून एक गाडी मिळाली. '२४ तासांचे दोन हजार फक्त, डिपॉझिट पाच हजार, परत मिळेल.' पाच जणांत दोन हजार म्हणजे माणशी चारशे! यापेक्षा स्वस्त काय असणार?

शनिवारी सकाळी दहाला गाडी घेतली. काजवे पाहिले. झाडाला कुणी लायटिंग केल्यासारखं दिसत होतं, सगळे एकदम गप्प झालो होतो. रविवारी दुपारी पावणेदोनला गाडी परत दिली आणि मग आमच्यासमोर हा हिशेब आला.

भाडं २,००० रुपये. उशिराचे चार तास, तासाला ३०० प्रमाणे १,२००. दोनशे किलोमीटरची मर्यादा होती, आमचे झाले २४८, म्हणून ४८ किलोमीटरचे बारा रुपयांप्रमाणे ५७६. पेट्रोल दोन काड्या कमी, त्याचे ८००. चिखल झाला म्हणून वॉशिंगचे ४००. मागच्या दरवाज्यावर ओरखडा, त्याचे २,५००.

एकूण ७,४७६ रुपये. डिपॉझिट तर गेलंच, वर ४७६ रुपये मागितले.

तो ओरखडा आमचा नव्हता. गाडी घेताना तो आधीच होता, असं आम्हाला पक्कं आठवत होतं. पण 'आठवत होतं' याला पुरावा म्हणत नाहीत. आणि खरी गोची पुढेच होती. डिपॉझिटचे पाच हजार आमच्यातल्या एका मित्राने एकट्याने भरले होते. ते त्याचे त्या महिन्याचे खोलीभाड्याचे आणि मेसचे पैसे होते.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागले. भाड्याच्या गाड्यांचे नियम वाचले, लोकांची बिलं मागून पाहिली, टॅक्सीवाल्या काकांशी बोलले. हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण एवढंच की पावसाळा, दिवाळी, मित्राचं लग्न यांपैकी काहीतरी निमित्त निघणार आणि तुम्हीही कधी ना कधी गाडी भाड्याने घेणार. आमच्या पैशांनी आम्ही शिकलो, तुम्ही फुकटात शिका.

आधी विचारा, गाडी हवीच का?

सगळ्यात मोठी बचत इथेच होते. नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण तीस किलोमीटर. तिथे सिटीलिंकची बस जाते. शिर्डी, वणी, पुणे या मार्गांवर एसटी आहेच. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. आमच्यासारख्या तीन मुली असलेल्या ग्रुपचा हिशेब तिथेच बदलतो. घरच्यांना घेऊन निघाला असाल आणि आजी-आजोबा ७५ च्या पुढचे असतील, तर त्यांचा एसटी प्रवास मोफत. मुंबईला जायचं तर पंचवटी एक्स्प्रेस आहे. तिला घाटातला ट्रॅफिक लागत नाही आणि पार्किंगही शोधावं लागत नाही.

गाडी कधी लागते? जिथे रात्री-अपरात्री फिरायचंय, एका दिवसात चार ठिकाणं करायचीत किंवा शेवटचे दहा किलोमीटर बसच जात नाही, तिथे. काजव्यांसाठी गाडी लागणारच होती, तो खर्च आम्हाला चुकीचा वाटत नाही. चूक पुढे झाली.

एक मधला मार्गही आहे. लांबचा पट्टा एसटीने किंवा रेल्वेने करा आणि तिथे पोचल्यावर एका दिवसापुरती स्थानिक गाडी किंवा दुचाकी घ्या. कोकणात, गोव्यात हे सहज जमतं. गाडी नुसती उभी राहण्याचे पैसे वाचतात.

गाडीआधी नंबरप्लेट बघा

आमच्या गाडीची नंबरप्लेट पांढरी होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं, आपल्या घरच्या गाडीसारखी. तेव्हा आम्हाला ते बरंच वाटलं, टॅक्सी वाटत नाही म्हणून! खरं तर तिथेच परत फिरायला हवं होतं.

रंगांचा अर्थ सोपा आहे. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याने मिळणारी टॅक्सी. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी. गोव्यात गेला असाल तर अशा काळ्या प्लेटच्या गाड्या तुम्ही ढिगाने पाहिल्या असतील. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने देता येत नाही.

आपल्याकडे स्वतः चालवायच्या गाड्यांसाठी १९८९ ची 'रेंट अ कॅब' योजना आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ७५ खाली ती केलेली आहे. तिचा परवाना घ्यायचा तर किमान ५० गाड्यांचा ताफा लागतो. म्हणजे शेजारच्या काकांची एकच गाडी 'सेल्फ ड्राइव्ह' म्हणून मिळतेय, तर ती या योजनेतली असूच शकत नाही. दुचाकींसाठी वेगळी योजना आहे, ती १९९७ ची.

मग पांढऱ्या प्लेटची गाडी घेतली तर काय बिघडतं? बिघडत नाही तोवर काहीच नाही. पण अपघात झाला तर? खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की गाडी भाड्याने वापरली तर संरक्षण लागू नाही. म्हणजे विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. गाडीची दुरुस्ती तर राहिलीच, पण समोरच्या माणसाला दुखापत झाली तर भरपाईचा बोजा मालकावर आणि गाडी चालवणाऱ्यावर येऊ शकतो. शिवाय परवान्याशिवाय गाडी भाड्याने वापरणं हा कलम १९२-अ खाली गुन्हा आहे. त्यात दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हे कलम फक्त मालकाचं नाव घेत नाही, गाडी चालवणाऱ्याचंही घेतं.

हे वाचलं तेव्हा मला घाटातली ती वळणं आठवली. मागच्या सीटवर आम्ही गाणी म्हणत होतो. समोरून एखादा टेम्पो आला असता तर? ओरखड्याचे अडीच हजार गेले, याचं दुःख मला तेव्हा एकदम कमी वाटायला लागलं.

त्यामुळे बुकिंगआधी गाडीचा नंबर मागा आणि एमपरिवहन ॲपमध्ये टाका. गाडीचा प्रकार 'मोटार कॅब' आहे की 'मोटार कार', विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, हे दोन मिनिटांत कळतं. नंबर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा. आणि काळजी नको, काळ्या प्लेटची गाडी स्वतःसाठी घेतली तर तुमचं नेहमीचं कारचं लायसन्स चालतं, वेगळा बॅज लागत नाही. बऱ्याच कंपन्या मात्र किमान २१ वर्षं वय आणि लायसन्सला काही काळ झालेला असण्याची अट घालतात, ते आधी विचारून घ्या.

तीन मीटर एकाच वेळी पळतात

भाड्याच्या गाडीत तुम्हाला एकच मीटर दिसतो, पण पैशांचे तीन मीटर चालू असतात. घड्याळाचा, किलोमीटरचा आणि इंधनाचा.

घड्याळ. २४ तास म्हणजे २४ तास. उशिरा आणल्यावर साधा तासाचा दर लागत नाही, दंडाचा लागतो. आम्ही तासाला ३०० भरले. दोन हजारांना २४ ने भागा, तासाचे ८३ रुपये होतात. म्हणजे आधीच २८ तासांचं बुकिंग केलं असतं, तर चारशेच्या आत काम झालं असतं. परतीच्या वेळेत दोन तास जास्तीचे धरूनच बुकिंग करा. रविवारी संध्याकाळी मुंबईहून किंवा इगतपुरीकडून नाशिकला परत येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. उशीर होणार हे कळलं की लगेच फोन करून मुदत वाढवा. वेळ संपायच्या आत वाढवलेली मुदत बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते.

किलोमीटर. 'नाशिक ते भंडारदरा सत्तर, जाऊन-येऊन एकशे चाळीस, दोनशे भरपूर झाले,' असा आमचा हिशेब. त्यात धरणाभोवतीची चक्कर, रतनवाडी, चुकलेला रस्ता आणि रात्री चहा शोधत फिरणं धरलंच नव्हतं. नकाशावरच्या अंतरात तीस टक्के मिळवा आणि मग पॅकेज निवडा. जादा किलोमीटरचा दर किती, हे आधीच लिहून घ्या.

इंधन. 'जेवढं दिलं तेवढं परत' हा साधा नियम असेल तर उत्तम. परत देण्याआधी जवळच्या पंपावर पेट्रोल भरा आणि पावती ठेवा. आमच्या गाडीत कमी असलेल्या दोन काड्यांचं पेट्रोल फार तर पाचशेचं असेल. बाकीचे तीनशे आम्ही पंपावर थांबायचा कंटाळा केल्याचे!

वॉशिंगचे चारशेही असेच. परत देण्याआधी गाडीवर पाणी मारून घेतलं असतं तर शंभर-दीडशेत भागलं असतं.

पाच मिनिटांचा व्हिडिओ

हे एवढं एकच केलं असतं तर आमचे अडीच हजार वाचले असते. गाडी ताब्यात घेताना देणाऱ्या माणसासमोर मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. चारही बाजू, बंपरचा खालचा भाग, चाकांच्या रिम, काचा, सीट, स्टेपनी, जॅक आणि टूलकिट, किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा. मग तो व्हिडिओ त्याच क्षणी त्याच माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवा. म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. परत देताना पुन्हा तसाच व्हिडिओ. अंधारात गाडी घेऊ नका. घ्यावीच लागली तर दिव्याखाली उभी करायला सांगा. यात लाजायचं काही नाही. जो नीट धंदा करतो तो स्वतःच फोटो काढतो.

'इन्शुरन्स आहे ना, काळजी कशाला' असं कुणी म्हणालं तर दोन प्रश्न विचारा. नुकसान झालं तर माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जातील? आणि कशाकशाचं नुकसान यात धरलेलं नाही? टायर, रिम, गाडीचा खालचा भाग, जळालेली क्लच प्लेट आणि इंजिनात गेलेलं पाणी या गोष्टी बऱ्याचदा वगळलेल्या असतात. आपल्याकडे घाटात अर्ध्या क्लचवर गाडी चढवणारे आणि पावसाळ्यात फरशीवरून वाहतं पाणी ओलांडणारे वीर कमी नाहीत. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनाचा खर्च तिथूनच सुरू होतो.

ड्रायव्हरसह घेताय? मग हे वाचा

इथे बिलाची भाषाच वेगळी असते. नाशिकरोड स्टेशनबाहेर टुरिस्ट गाडी लावणाऱ्या एका काकांनी मला ती शांतपणे समजावून दिली.

शहरातल्या शहरात '८ तास, ८० किलोमीटर' असं पॅकेज चालतं. दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथून जादा आकार सुरू. किलोमीटर गाडी मालकाच्या दारातून निघाल्यापासून परत दारात जाईपर्यंत मोजतात, याला 'गॅरेज टू गॅरेज' म्हणतात. तुम्ही गंगापूर रोडला आणि गाडी नाशिकरोडची असेल तर रिकामी फेरीही तुमच्याच नावावर. म्हणून गाडी जवळची बघा.

बाहेरगावी जाताना बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. उदाहरणासाठी किलोमीटरला १३ रुपये धरू. शिर्डी जाऊन-येऊन साधारण १८० किलोमीटर, पण ३०० च्या हिशेबाने ३,९०० रुपये झाले. म्हणजे खरा दर २१ रुपयांच्या वर गेला. अशा नेहमीच्या ठिकाणांसाठी ठोक भाडं विचारा, ते स्वस्त पडतं. नाहीतर त्याच पैशांत शनिशिंगणापूरही करून या.

आता पुणे घ्या. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत. अंतर जाऊन-येऊन ४२० च्या आसपास, पण दिवस दोन म्हणून बिल ६०० किलोमीटरचं. वर ड्रायव्हर भत्ता आणि रात्रीचा हॉल्ट. गाडी तिथे नुसती उभीच राहणार असेल तर जाताना-येताना एसटी आणि पुण्यात रिक्षा-मेट्रो हेच परवडतं. आणखी एक गंमत म्हणजे दिवस बऱ्याचदा तारखेप्रमाणे मोजतात. शुक्रवारी रात्री दहाला निघालात तर मध्यरात्रीपर्यंतच्या दोन तासांचा एक अख्खा दिवस लागू शकतो. म्हणून 'दिवस २४ तासांचा की तारखेचा?' हे आधी विचारा.

टोलचं बोलायचं तर 'टोल एक्स्ट्रा' म्हटल्यावर प्रत्यक्ष कापलेल्या टोलचा फास्टॅगचा मेसेज दाखवायला सांगा. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांत परत आलात तर येताना निम्माच टोल कापला जातो. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल माफ आहे. त्यामुळे बिलात 'मुंबई एंट्री' दिसली तर हसून विचारा, ही कशाची? फास्टॅगचा वार्षिक पास मात्र फक्त खासगी गाड्यांना आहे, तो भाड्याच्या गाडीला चालत नाही. तिथे उगाच वाद घालू नका.

आणि काकांची बाजूही ऐका. ड्रायव्हर भत्ता वाचवायचा म्हणून रात्रभर न झोपलेल्या माणसाला सकाळी घाटात गाडी चालवायला लावू नका. काही पैसे वाचवायचे नसतात.

डिपॉझिट अडकलं तर

डिपॉझिट रोख देऊ नका. यूपीआयने द्या, 'डिपॉझिट' असं लिहून द्या. किती दिवसांत परत मिळणार, तेही लेखी घ्या. मूळ लायसन्स किंवा आधार कुणाकडे ठेवू नका, डिजिलॉकरवरून दाखवा. नंतर 'तुमचं चलान आलंय' म्हणून पैसे कापले तर ई-चलानची प्रत मागा. त्यावर तारीख, वेळ, ठिकाण असतं. गाडी त्या वेळी तुमच्याकडे होती का ते बघा. तुमचं असेल तर मुकाट्याने भरा.

ऐकतच नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण त्यासाठी पावती लागते, करार लागतो, निदान मेसेज तरी लागतात. आमच्याकडे काय होतं? एक फोन कॉल आणि 'टेन्शन नको घेऊ' एवढंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचा हिशेब

बिल भरून झाल्यावर आमच्यात दोन दिवस कुणी बोललं नाही. गाडी चालवणाऱ्याला वाटत होतं, ओरखड्यासाठी सगळे आपल्याकडेच बघतायत. ज्याने डिपॉझिट भरलं त्याला मागायला लाज वाटत होती. आम्ही बाकीचे 'नंतर बघू' म्हणत होतो. त्या महिन्यात त्याने मेस एकवेळची केली. हे आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून.

मग आम्ही पाचही जण सीबीएसजवळच्या टपरीवर बसलो आणि वहीत हिशेब मांडला. सगळं समान वाटून घेतलं, ओरखडासुद्धा. त्याचे पैसे तीन हप्त्यांत फेडले. आता आमचा नियम ठरलाय. डिपॉझिट सगळ्यांनी मिळून भरायचं आणि नुकसान झालं तर कुणी किती द्यायचं, हे निघण्याआधी ग्रुपवर लिहायचं. ऐकायला कोरडं वाटतं, पण मैत्री टिकवायला हे स्वस्त पडतं.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा काजव्यांना जाणार आहोत. या वेळी व्हिडिओ काढायची ड्यूटी माझ्याकडे आहे.

चावी हातात घेण्याआधी

• नंबरप्लेट काळी की पिवळी? पांढरी असेल तर नको.
• विमा आणि पीयूसी एमपरिवहनवर तपासलं?
• किती तास, किती किलोमीटर, जादाचा दर किती?
• जीएसटी धरून एकूण किती?
• नुकसान झालं तर खिशातून जास्तीत जास्त किती?
• व्हिडिओ काढून पाठवला?
• डिपॉझिट कुणाचं आणि परत कधी?